निफाडच्या दरडीतला जबडा: धुण्याआधी हे वाचा

प्रश्न असा आला होता: "आम्ही नाशिकचे चौघं. एक शाळामास्तर, एक द्राक्षबागायतदार, दोघं नोकरदार. रविवारी नदीकाठानं हिंडतो, दगडगोटे जमवतो. मे महिन्यात निफाड तालुक्यात गोदावरीला मिळणाऱ्या एका नदीच्या दरडीत, पात्रापासून दीड पुरुष उंचीवर, मोठ्या जनावराचा खालचा जबडा मिळाला. दोन्ही बाजू जोडलेल्या, अकरा दाढा जागच्या जागी. पुढचा एक दात सुटा निघाला, तो काडेपेटीत ठेवलाय. जबडा अखंड निघाला म्हणून मिसळ खाऊन साजरं केलं. हा जीवाश्मच ना? कोणाचा, किती जुना? कसा धुवायचा, वरून वॉर्निश मारायचं का? कवटी शोधायला पुन्हा खणावं का? सरकारला कळवलं तर काढून घेतील का? सोबत पांडवलेणीच्या बाजूला मिळालेल्या एका दगडाचा फोटो आहे, त्यावर नेच्याचं पान उमटलंय."

मंडळी, अभिनंदन. तुमचे बावीस फोटो रात्री मोठ्या पडद्यावर दोनदा पाहिले, दुसऱ्या खेपेला चहा गार झाला तरी लक्षात आलं नाही. तीसेक वर्षं माझी हाडं-दात साफ करण्यात आणि जोडण्यात गेली. नाशिक-नगर पट्ट्यातल्या नद्यांमधून निघालेले तुकडे खूप हाताळले: अर्धी दाढ, फुटका सांधा, नळीचं हाड. हनुवटीपाशी जुळलेला दुहेरी जबडा या पट्ट्यातून माझ्या टेबलावर एकदाही आला नाही.

तो का दुर्मीळ, ते आधी सांगतो, कारण तुम्ही दाढांच्या चकाकीवर भाळला आहात आणि खरी गंमत दुसरीकडेच आहे. माणसाच्या खालच्या जबड्याचे दोन भाग पहिल्या वर्षभरातच हनुवटीपाशी सांधून एक होतात. गाय-बैल, म्हैस, हरीण यांचे तसे होत नाहीत. दोन्ही बाजू पुढे नुसत्या चिवट तंतूंनी बांधलेल्या असतात, म्हातारपणीसुद्धा. जनावर मेलं, ते तंतू कुजले की जबडा दोन फाकांत सुटतो. पुढं एक पूर आला की एक फाक इथं आणि दुसरी दोन कोस खाली. तुमचा जबडा इंग्रजी व्हीसारखा जसाच्या तसा पडलाय, म्हणजे तंतू कुजायच्या आत, किंवा कुजले तरी फाका हलायच्या आत, त्याच्यावर गाळ बसला. वाहत-आपटत तो आलेला नाही. उरलेलं जनावर फार लांब नसावं, असंही त्यावरून म्हणता येतं. म्हणजे आता तुमच्या हाताला खाज सुटणार. त्याबद्दल पुढे बोलतो.

आता फोटो क्रमांक नऊ उघडा. हनुवटीच्या सांध्यात, दोन फाकांच्या मधल्या खाचेत, मूठभर करडी वाळू घट्ट चिकटलीय आणि तिच्यात ज्वारीच्या दाण्याएवढी चुनखड दिसते. तुम्ही खाली लिहिलंय, "अजून साफ व्हायचाय." अख्ख्या जबड्यात माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोलाची जागा तीच आहे. तिला ब्रश लावू नका, काडी लावू नका, फुंकरसुद्धा नको. दाढा सांगतील की हा कोण. केव्हाचा आणि कसा पुरला गेला, हे सांगायला ती मूठभर वाळूच लागेल.

जीवाश्मच आहे का, ही शंका तुम्ही विचारलीत हे बरं केलं. मला दाखवायला आणलेल्या "जीवाश्मां"पैकी बहुतेक निघाले गावातल्याच मेलेल्या ढोरांची हाडं. ढोर मेलं की ओढून नदीच्या धसाला टाकायचं, ही रीत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. शे-पन्नास वर्षं मातीत राहिलेलं हाडही तपकिरी होतं, त्यामुळे रंगावर जाऊ नका. जिभेला लावून चिकटतं का बघायची जुनी युक्ती आहे. सच्छिद्र हाड ओलावा ओढतं म्हणून चिकटतं, पण उन्हापावसात भुसभुशीत झालेलं आजचं हाडही तेच करतं. तापलेली सुई टेकवली तर ताज्या हाडाला केस जळल्यासारखा वास येतो, त्यातला चिकट प्रथिनांचा भाग जळतो म्हणून. ही परीक्षा खरी असली तरी तुम्ही करू नका. भोक पडतं ते पडतंच.

तुमच्या बाबतीत दोन गोष्टींनी माझी खात्री पटत आलीय. एक, मोडलेल्या उपदाढेच्या (मोठ्या दाढांच्या पुढची लहान दाढ) खळग्यात, मुळाच्या आतल्या पोकळीत, चुन्याचे बारीक खडे जमलेत. बाहेरून लिंपलेलं नाही, आत वाढलंय. दोन, फोटो चौदा. मास्तरांनी दरड आडवी टिपली त्याबद्दल त्यांना माझ्यातर्फे एक मिसळ. वर हातभर काळी माती. तिच्याखाली पिवळसर तपकिरी गाळ, चुनखडीच्या खड्यांनी भरलेला, बागायतदार भाऊ ज्याला शिव्या घालतात तोच. त्याच्याखाली वाळू-गोट्यांचा थर, इतका घट्ट जमलेला की कुदळीनं ठिणगी उडावी. जबडा त्या घट्ट थराच्या माथ्यावर होता. वरचा पिवळा गाळ तिथं सलग आहे, मध्ये कुठं खड्डा खणून बुजवल्याची खूण नाही. आज-काल कोणी बैल पुरला असता तर खड्ड्याच्या कडा त्या पिवळ्या गाळाला कापत खाली आल्या असत्या आणि आत काळी माती मिसळली असती.

आता प्राणी कोणता. दाढा वरून बघा. झिजलेल्या माथ्यावर इनॅमलच्या चंद्रकोरी दिसतात, दोन-दोन जोड्यांनी. घोडा असता तर कोरींऐवजी वेड्यावाकड्या घड्या दिसल्या असत्या, इस्त्री न केलेल्या धोतरासारख्या. हत्ती असता तर एकच दाढ पाटा-वरवंट्यातल्या पाट्याएवढी आणि तिच्यावर आडव्या पट्ट्या. तुमच्या शेवटच्या दाढेला दोनाऐवजी तीन पाळ्या आहेत. रवंथ करणाऱ्यांच्या खालच्या जबड्यातली शेवटची दाढ अशीच असते. शिवाय पाळ्यांच्या मध्ये बाहेरच्या अंगाला एक बारीक खांब उभा आहे, झिजून त्याचं माथ्यावर छोटंसं वेटोळं झालंय. हा गाय-म्हैस कुळाचा खांब. सांबर-चितळाला तो असला तर बुटका असतो, इतका वर येत नाही.

आकाराचं सांगतो. तुम्ही शेवटच्या दाढेची लांबी ४७ मिलिमीटर लिहिली आहे. माझ्याकडे इगतपुरीकडच्या एका डांगी बैलाचा जबडा आहे, तुलनेला ठेवलेला. चांगला दांडगा बैल होता, तरी त्याची तीच दाढ ३८ भरते. आजच्या गाई-बैलांत साडेतीन ते चार सेंटिमीटर हा नेहमीचा हिशेब. सत्तेचाळीस म्हणजे रानबैल किंवा जुन्या काळची रानम्हैस. रानबैलाला शास्त्रात बॉस नमाडिकस म्हणतात; नर्मदेवरून नाव, ब्रिटिश जीवाश्मतज्ज्ञ ह्यू फाल्कनर यांनी एकोणिसाव्या शतकात दिलेलं. आपल्या वशिंडाच्या गाईगुरांचा तो पूर्वज मानला जातो. म्हशीचा जुना भाऊबंदही नर्मदेच्या गाळात सापडतो. नुसत्या खालच्या जबड्यावरून गाय की म्हैस हे छातीठोक सांगणारा भेटला तर त्याच्यापासून जरा जपून राहा. शिंगाचा गाभा मिळाला तर भांडण मिनिटात मिटतं. फोटोंवरून माझा कल रानबैलाकडे आहे, पण कल म्हणजे निकाल नव्हे, लेबलावर लिहू नका.

दाढांची झीज पाहता जनावर भर उमेदीतलं होतं. शेवटच्या दाढेची तिसरी पाळी झिजायला लागलीय, पण पहिल्या दाढेच्या कोरी अजून पुसल्या नाहीत. बाजारात बैलाचे दात बघून वय सांगणारे दलाल असतात ना, ते पुढचे दात बघतात; आम्ही मागचे बघतो, एवढाच फरक.

किती जुना? तुमच्यापैकी एकानं स्टेटसला "डायनासोर युगातला जबडा" असं टाकलंय, ते आधी काढा. नाशिकचा काळा पाषाण हा लाव्हा आहे, साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. ब्रह्मगिरी, अंजनेरी, रामशेज, पांडवलेणी ज्यात कोरली तो डोंगर, सगळा त्याचाच. तापलेल्या लाव्ह्यात हाडं टिकत नाहीत. दोन लाव्ह्यांच्या मध्ये जिथं तळी साचली तिथं क्वचित काही मिळतं. मुंबईत वरळी आणि मलबार हिलच्या अशा थरांत इवल्याशा बेडकांचे सुंदर सांगाडे मिळाले आहेत. डायनासोरसाठी विदर्भात जायला हवं, चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्याला किंवा गडचिरोलीत सिरोंच्याकडे. तुमचा जबडा लाव्ह्यातला नाही. लाव्हा थंड झाल्यावर कोट्यवधी वर्षांनी त्याच्यावरून नद्या वाहिल्या, त्यांनी जो गाळ टाकला त्यातला तो आहे. त्या काळाला प्लाइस्टोसीन म्हणतात, सुमारे २६ लाख वर्षांपासून ११,७०० वर्षांपर्यंतचा. एवढ्या मोठ्या पट्ट्यात तुमचा बैल नेमका कुठं बसतो हे दाढ बघून कळत नाही, गाळ बघून कळतं.

म्हणून मी त्या मूठभर वाळूच्या मागे लागलोय. नेहमीची कार्बन पद्धत पन्नासेक हजार वर्षांपलीकडे पोचत नाही, आणि आपल्या उष्ण हवेत हाडातलं प्रथिन तेवढंही टिकत नाही. वाळूच्या कणांची पद्धत मात्र चालते. गारेचे, म्हणजे क्वार्ट्झचे, कण उन्हात असले की त्यांचं घड्याळ शून्यावर येतं. गाळाखाली अंधारात पुरले गेले की ते पुन्हा चालू होतं. प्रयोगशाळेत प्रकाशाची तिरीप देऊन ते वाचता येतं. त्यासाठी नमुना उजेड न लागता, दरडीत लोखंडी नळी ठोकून घ्यावा लागतो. तुमच्या जबड्यावरची वाळू आता उजेडात आलीय, तिचं घड्याळ गेलं. पण ती थराची ओळखपरेड करायला कामाची आहे: दरडीतल्या कोणत्या थराशी तिचे कण जुळतात ते बघायचं आणि मग त्या थरात नळी ठोकायची. धुतलात तर दरडीत बोट कुठं ठेवायचं हेच कळणार नाही.

आपल्या गाळात कधीकधी ज्वालामुखीची राखही मिळते. पुणे जिल्ह्यात कुकडी नदीवर बोरी गावाजवळ मिळाली, सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीच्या स्फोटाशी तिचं नातं जोडतात. तिच्या वयावरून विद्वानांत वर्षानुवर्षं जुंपली, एक म्हणतो पाऊण लाख, दुसरा म्हणतो कित्येक लाख. सांगायचा मुद्दा, तज्ज्ञ लोक थर हातात असताना भांडतात. तुम्ही थराशिवाय आकडा कुठून आणणार?

तुमच्याच तालुक्यातली एक गोष्ट तुम्हाला माहीत असावी. नांदूर मध्यमेश्वरला आज लोक फ्लेमिंगो बघायला जातात. तिथल्या गोदावरीच्या गाळातून निघालेल्या प्रचंड हत्तीची नोंद भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या गाय पिल्ग्रिम यांनी १९०५ साली केली. आजच्या हत्तीपेक्षा थोराड, सरळसोट सुळ्यांचा, आता नामशेष. पुढं पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया यांनी याच नदीच्या काठानं, नाशिकजवळ गंगापूरच्या बाजूला, दगडी हत्यारं शोधली. त्याच कॉलेजचे जीवाश्मतज्ज्ञ गो. ला. बदाम यांनी देशभरातल्या अशा सगळ्या जनावरांचा धांडोळा घेतला. तिकडे चाळीसगावजवळ पाटण्याला शहामृगाच्या अंड्यांची टरफलं मिळाली आहेत, एकावर तर माणसानं नक्षी कोरलेली. म्हणजे ज्या खानदेशात आज केळी लागतात तिथं शहामृग हिंडत होते आणि ज्या निफाडात द्राक्षं लागतात तिथं हत्ती. तुमचा बैल त्या कळपातला.

हत्यारांचं नाव काढलं म्हणून फोटो सोळा. जबड्याच्या डाव्या फाकेवर, बाहेरून खालच्या कडेला, दोन बारीक समांतर रेषा दिसतात. तुम्ही त्याबद्दल काही लिहिलेलं नाही, बहुधा पाहिल्याच नाहीत. तीन शक्यता. साळिंदरं हाडं कुरतडतात, पण त्यांच्या खुणा रुंद आणि सपाट तळाच्या असतात. खरखरीत वाळूत जनावरांच्या पायाखाली हाड घासलं गेलं तर बारीक रेषा उठतात, पण सहसा अनेक आणि वेड्यावाकड्या. माणसानं गारगोटीच्या धारदार छिलक्यानं मांस सोडवलं तर चिंचोळी, खोल, इंग्रजी व्हीच्या आकाराची चीर पडते, आणि जबड्याच्या त्याच जागेला पडते जिथं स्नायू चिकटलेला असतो. या रेषा त्याच जागेला आहेत. भिंगाखाली बघितल्याशिवाय मी एक शब्दही बोलणार नाही. पण तुम्ही तारेच्या ब्रशनं एकदा घासलंत तर पन्नास नव्या रेषा तयार होतील आणि मग मीच काय, कोणीही काही बोलू शकणार नाही.

तेव्हा साफसफाई. ॲसिड नको. हाड आणि चुनखड दोन्ही ॲसिडनं विरघळतात, लिंबू आणि व्हिनेगरसुद्धा त्यातलेच. नळाखाली धरायचं नाही. उन्हात ठेवायचं नाही.

उन्हाचं मी भोगलेलं सांगतो. उमेदवारीत असताना हरणाचा एक जबडा ओल्या गाळातून आणला होता. एप्रिल महिना. लवकर वाळावा म्हणून सकाळी गच्चीवर, कुरडया घातलेल्या चादरीच्या कोपऱ्यात ठेवला आणि खाली येऊन झोपलो. दुपारी तीनच्या सुमाराला वरून "टक्" असा आवाज आला. मग आणखी एक. जाऊन बघतो तर दाढांचं इनॅमल कांद्याच्या पापुद्र्यासारखं सुटून चादरीवर पडलंय, आणि जबड्याला टोकापासून टोकापर्यंत चीर. दाढेचं इनॅमल आणि आतला गाभा वेगवेगळ्या वेगानं आकसतात, हे पुस्तकात वाचलेलं होतं. चौदा तुकडे झाले. जोडायला सव्वा महिना लागला, आणि आजही तो जोडलेलाच दिसतो.

तर तुमचा जबडा सावलीत, हळूहळू वाळू द्या. त्याला ओलसर, निथळलेल्या वर्तमानपत्रात गुंडाळा, वर टाचणीनं भोकं पाडलेली प्लॅस्टिकची पिशवी, आणि कागद दोन दिवसांनी बदला. दरवेळी आधीपेक्षा कमी ओला. तीन-चार आठवडे लागतील. बुरशी दिसली तर पिशवी उघडी ठेवा. एका मित्राच्या आजीनं "हाडूक घरात नको" म्हणून तो मळ्यातल्या मोटारीच्या खोलीत ठेवायला लावला, असं तुम्ही लिहिलंय. आजींना माझा नमस्कार सांगा. जाड भिंती, पंखा नाही, ऊन नाही. घरच्या काचेच्या कपाटापेक्षा ती जागा शंभर पटींनी बरी. ठेवण्यासाठी द्राक्षाचं खोकं आणि त्यातलाच बबलचा कागद उत्तम. फक्त औषधांच्या बाटल्यांच्या शेजारी नको. आणि जबडा उचलताना दोन माणसं, चार हात, सांध्याखाली तळवा. एका फाकेला धरून उचललात तर इतक्या वर्षांनी तो सांधा तुमच्या हातात सुटेल.

कोरड्या झालेल्या सुट्या मातीपुरता मऊ ब्रश चालेल, चित्रकलेचा, चार नंबरचा. घट्ट खडा असेल तर बांबूची चिरून टोकदार केलेली काडी, लोखंड नाही. पडलेली माती जबड्याच्या कोणत्या भागाची ते लिहून छोट्या पिशवीत ठेवा. हनुवटीची खाच, रेषांची जागा आणि मोडक्या उपदाढेचा खळगा या तीन ठिकाणी काहीच करायचं नाही.

वॉर्निश नको, आणि सुताराचा पांढरा गोंद तर मुळीच नको. गोंद कालांतरानं पिवळा पडतो, आकसतो, आणि आकसताना हाडाचा वरचा पापुद्रा सोबत घेऊन येतो. शिवाय एकदा मुरला की सुटत नाही. आम्ही पॅरालॉइड बी-७२ नावाची राळ वापरतो, ॲसिटोनमध्ये विरघळवून, पाच टक्क्यांच्या आसपास पातळ. ती उद्या ॲसिटोननं परत काढता येते, हाच तिचा गुण. पण तीसुद्धा आत्ता नको. काहीही पाजलं की पुढच्या रासायनिक तपासण्या बिघडतात. ओलं हाड असताना लावली तर पांढरी दुधाळ साय धरते ते वेगळंच.

कवटीसाठी पुन्हा खणायचं का? नाही. आणि हे "नाही" मला जड जातंय, कारण पाऊस तोंडावर आहे. जूनमध्ये नदीला पहिलं पाणी आलं, वरच्या धरणांतून विसर्ग सुटला, की त्या दरडीचं पाऊल सुटेल आणि कवटी असलीच तर ती औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या संभाजीनगरच्या दिशेनं निघेल. तुम्हाला तेच भय आहे हे मला समजतं. पण चौघांनी टिकाव घेऊन दरड फोडली तर कवटी मिळेल आणि थर जाईल.

त्याऐवजी येत्या रविवारी जा, हत्यार न घेता. जबडा निघाला तो खळगा अजून दिसत असेल. त्यात एक खिळा ठोका, डोक्याला लाल चिंधी बांधून. दरडीचा फोटो समोरून, शेजारी खुणांची काठी उभी करून. काठी नसेल तर दहाच्या नाण्यावरही भागतं, ते २७ मिलिमीटरचं असतं, पण दरडीपुढे नाणं म्हणजे फारच लहान. पात्राच्या तळापासून खिळ्यापर्यंतची उंची टेपनं मोजा, वरून जमिनीपर्यंतचीही. मोबाइलवर अक्षांश-रेखांश घ्या. उत्तर कुठं ते कागदावर बाणानं दाखवा आणि जबड्याचं हनुवटीचं टोक कुठल्या दिशेला होतं ते चौघांनी वेगवेगळं, एकमेकांचं न बघता काढा. चौघांचं जुळलं तर ठीक. नाही जुळलं तर तेही तसंच राहू द्या. दाढांचे माथे वर होते की खाली, एवढं आठवतंय का? पाण्यानं लोळवलेला जबडा सहसा स्थिर बाजूनं पडतो, म्हणून विचारतोय. हे सगळं आत्ताच्या आत्ता, आठवण ताजी आहे तोवर. मग खळग्यावर गोणपाट टाकून पायथ्याशी वाळूच्या गोण्या रचा. कांद्याच्या जाळीदार गोण्या नकोत, वाळू गळते. पहिला पूर तेवढ्यानं कदाचित निभावेल.

जागा नेमकी कुठली ते तुम्ही मलाही सांगितलं नाहीत, हे फार शहाणपणाचं केलंत. स्टेटसवरही सांगू नका. एक मात्र बघा: जागा नांदूर मध्यमेश्वर अभयारण्याच्या हद्दीत येत असेल तर वनखात्याच्या परवानगीशिवाय तिथं काहीही उचलता येत नाही. दरडीवरचं शेत ज्याचं आहे त्याच्या कानावर घाला, हसतमुखानं. नाहीतर "सोनं मिळालं" ही बातमी तुमच्याआधी गावात पोचेल आणि पुढच्या अमावस्येला दरड कोणीतरी दुसरंच खणेल. हे मी विनोदानं लिहीत नाही.

कळवायचं कोणाला? पुण्याचं डेक्कन कॉलेज या कामाचं सगळ्यात जुनं घर. आघारकर संशोधन संस्था आणि पुणे विद्यापीठाचा भूशास्त्र विभागही आहे. नागपूरला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं मोठं कार्यालय आहे. पत्र लेखी पाठवा, फोटो आणि मोजमापं जोडून, एक प्रत तहसीलदारांना. जबड्याबरोबर घडवलेला दगड मिळाला तर विषय पुरातत्त्व खात्याचाही होतो, तेव्हा त्यांनाही. जीवाश्मांसह भूवारशाच्या संरक्षणासाठी वेगळ्या कायद्याचा मसुदा खाण मंत्रालयानं २०२२ च्या डिसेंबरात लोकांपुढे ठेवला होता, म्हणजे सरकारदरबारीही हे लक्षात आलंय. विकायचा विचार तुमच्या मनात नाही हे दिसतंच. कोणी घ्यायला आला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

"काढून घेतील का" याचं उत्तर: अभ्यासाला नेतील, आणि बहुधा ठेवून घेतील. तुम्हाला पोच मिळायला हवी, नोंदवहीत शोधणाऱ्यांची नावं लागायला हवीत, हे आधीच लेखी मागून घ्या. साचा काढून प्रतिकृती द्या म्हणा. तीही मिळू शकते. वाईट वाटेल हे मला कळतं. पण दुसरी बाजूही मी पाहिलीय, आणि तीत दोष संस्थांचाही असतो. एका ठिकाणी, नाव सांगत नाही, लाकडी खणात मला चाळीसेक दाढा मिळाल्या होत्या. एकाहून एक सुरेख. खणात एकच चिठ्ठी, शाईनं लिहिलेली: "गोदावरी." त्र्यंबकेश्वरपासून राजमहेंद्रीपर्यंत गोदावरी पंधराशे किलोमीटरच्या घरात जाते. त्या दाढा आता मुलांना दाखवायला चांगल्या आहेत. म्हणून जबडा देताना मास्तरांचा तो दरडीचा फोटो आणि खिळ्याच्या उंचीचा कागद यांची एकेक प्रत जबड्याच्याच खोक्यात घाला, आणि एक तुमच्याकडे ठेवा.

पांडवलेणीकडच्या दगडावरचं नेच्याचं पान पान नाही. दगडाच्या फटीत मँगनीजचं पाणी झिरपतं आणि झाडासारख्या फांद्या काढत वाळतं, थंडीत काचेवर दंवाची नक्षी व्हावी तसं. ओळखायची खूण: पानाला मधली शीर असते आणि दोन्हीकडची पानं एका मापात येतात, याच्या फांद्या फटीच्या कडेपासून सुटतात आणि वाटेल तशा फुटतात. निराश होऊ नका, दिसायला देखणा आहे, तो खुशाल काचेच्या कपाटात ठेवा. आता तुमचं नाव झालंय तर लोक तुमच्याकडे आणखी काय काय आणतील: काळ्या पाषाणाचे कांद्यासारखे सुटणारे गोल धोंडे "डायनासोरची अंडी" म्हणून, आणि लाव्ह्यातल्या बुडबुड्यांच्या नळीत भरलेली पांढरी गारगोटी "बोटाचं हाड" म्हणून. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात एकदा चक्कर मारा, आपल्या काळ्या पाषाणात काय काय भरतं ते डोळ्यांत बसेल. अंड्यांना मात्र फार हसू नका. मध्य प्रदेशात धार जिल्ह्यात पाडल्या गावचे लोक शेतातले गोल दगड काकड भैरव म्हणून पुजत होते, आणि ती खरोखर डायनासोरची अंडी निघाली. पण तिथला दगड वेगळा, लाव्ह्याच्या खालचा.

मी पुढच्या आठवड्यात नाशिकला येतोय, भिंग आणि वाळूच्या नळ्या घेऊन. तोवर जबडा गुंडाळलेला राहू दे. काडेपेटीचं काम तेवढं आज करा. तो सुटा दात पुढचा आहे, पटाशीचा. बैलाला वर पुढचे दात नसतात, त्यामुळे तो याच जबड्याचा असणार, पण डाव्या बाजूचा की उजव्या, आणि कितवा, हे ज्यानं उचलला त्यालाच आठवत असेल. त्याला विचारा, पेटीवर पेन्सिलीनं लिहा. बॉलपेननं नको, काळानं शाई फिकटते. आणि पेटीतल्या काड्या काढल्यात ना?